एफ-३५ ला खरंच 'किल स्विच' आहे का? आधुनिक लढाऊ विमानं जमिनीवरच्या डेटावर इतकी का अवलंबून असतात?

१४ जून २०२५ च्या रात्री ब्रिटिश नौदलाचं एक एफ-३५ बी विमान तिरुवनंतपुरमच्या विमानतळावर उतरलं. 'एचएमएस प्रिन्स ऑफ वेल्स' या विमानवाहू जहाजावरून ते निघालं होतं. हवामान बिघडलं, इंधन कमी झालं आणि वैमानिकाने केरळचा आसरा घेतला. उतरल्यावर लक्षात आलं की हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड आहे. मग हे विमान पाच आठवड्यांहून अधिक काळ तिथेच अडकलं.

पुढचं तुम्हाला आठवत असेलच. मीम्सचा पाऊस पडला. केरळ पर्यटन विभागानेही हात धुऊन घेतले आणि 'पाहुण्याला आमचा पाय सोडवत नाही' अशा थाटाची पोस्ट टाकली. शेवटी ब्रिटनहून लष्करी वाहतूक विमानाने अभियंत्यांचं पथक आलं, विमान हँगरमध्ये ओढत नेलं गेलं आणि २२ जुलैला ते परत उडालं.

हसून झाल्यावर यातून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जगातल्या सर्वांत महागड्या शस्त्र कार्यक्रमातलं हे विमान एकटं कुठेही उतरू शकतं, पण पुन्हा उडायला त्याच्यामागे एक अख्खी व्यवस्था लागते. प्रशिक्षित माणसं, ठरावीक सुटे भाग, ठरावीक उपकरणं आणि या सगळ्यांना जोडणारा डेटा. तिरुवनंतपुरमचा बिघाड हायड्रॉलिकचा होता, सॉफ्टवेअरचा नव्हे. पण एफ-३५ ची खरी डोकेदुखी गेली दहा वर्षं याच डेटाच्या व्यवस्थेत आहे.

आपल्याला याचं काय? तर फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मोदींच्या अमेरिका दौऱ्यात डोनाल्ड ट्रम्प यांनी भारताला एफ-३५ देण्याचा मार्ग मोकळा करत असल्याचं जाहीर केलं. त्यावर अमरावतीचे खासदार बळवंत वानखडे यांनी लोकसभेत प्रश्न विचारला, तेव्हा 'यावर अद्याप औपचारिक चर्चा झालेली नाही' असं उत्तर परराष्ट्र मंत्रालयाने दिलं. विमान घ्यायचं की नाही हा सरकारचा निर्णय. पण हे विमान घेणं म्हणजे नेमकं काय काय घेणं, हे समजून घ्यायला हरकत नाही.

विमान उडण्याआधी आणि उतरल्यावर काय होतं?

जुन्या काळातलं लढाऊ विमान आपल्या जुन्या ॲम्बेसिडरसारखं होतं. बॉनेट उघडा, पाना घ्या, काय बिघडलंय ते बघा. नवीन विमान आजच्या गाडीसारखं आहे. गॅरेजवाला आधी लॅपटॉप जोडतो, एरर कोड वाचतो आणि मग हात लावतो. फरक इतकाच की इथला लॅपटॉप म्हणजे जगभर पसरलेलं एक जाळं आहे.

एफ-३५ चा दिवस साधारण असा असतो. वैमानिक जमिनीवरच्या संगणकावर मोहिमेची आखणी करतो. कुठून जायचं, कुठे शत्रूचं रडार आहे, कोणतं शस्त्र कुठे वापरायचं वगैरे. ही सगळी माहिती एका छोट्या मेमरी उपकरणात भरली जाते. वैमानिक ते घेऊन कॉकपिटमध्ये जातो आणि विमानात बसवतो. म्हणजे पेनड्राइव्ह लावल्याशिवाय प्रिंट निघत नाही, तसंच काहीसं.

उड्डाण संपलं की तेच उपकरण बाहेर काढून जमिनीवरच्या यंत्रणेला जोडलं जातं. विमानाने उड्डाणात स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवलेली असते. कोणता पंप तापला, कोणत्या सेन्सरने चुकीचा आकडा दिला, कोणत्या भागाचे किती तास भरले. ही नोंद वाचून यंत्रणा दुरुस्तीची कामं काढते, लागणारे सुटे भाग मागवते आणि सगळं झालं की विमान 'उडायला योग्य' असा शेरा देते.

कल्पना उत्तम होती. माणसांचे तास वाचतील, भाग बिघडण्याआधीच बदलता येईल, खर्च कमी होईल. कागदावर सगळं सुरळीत होतं.

'अलिस' नावाचं प्रकरण

ही जमिनीवरची यंत्रणा म्हणजे 'ऑटोनॉमिक लॉजिस्टिक्स इन्फर्मेशन सिस्टीम'. सगळे तिला 'अलिस' म्हणतात. एफ-३५ बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीनेच ती तयार केली.

तिची रचना तीन पायऱ्यांची. प्रत्येक तुकडीकडे एक सर्व्हर. त्यावर प्रत्येक देशाचं एक मध्यवर्ती केंद्र. आणि सगळ्यांच्या वर अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे मुख्य केंद्र. नॉर्वेचं विमान असो की जपानचं, त्याची माहिती पायऱ्या चढत टेक्सासपर्यंत जाणार अशी ही योजना.

२०१६ मध्ये 'जीएओ' या संस्थेने यावर अहवाल दिला. जीएओ म्हणजे अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्चाची आणि कामाची तपासणी करणारी संस्था, साधारण आपल्या कॅगसारखी. या अहवालात एक गंभीर त्रुटी दाखवली होती. सगळ्या विमानांची माहिती ज्या मुख्य केंद्रातून जाते, त्याला पर्यायी केंद्रच नव्हतं. ते बंद पडलं तर सगळाच ताफा अडचणीत येऊ शकतो, असा इशारा त्यात होता. त्यावर कार्यक्रमाच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की जोडणी तुटली तरी विमानं साधारण ३० दिवस उडत राहू शकतात. म्हणजे विमान आकाशातून पडणार नाही हे खरं. पण युद्ध ३० दिवसांत संपेलच याची हमी कोण देणार?

रोजच्या वापरात तर आणखी गमतीजमती होत्या.

एक म्हणजे वजन. तुकडीला लागणारी अलिसची सामग्री ८०० पौंडांपेक्षा जास्त, म्हणजे साडेतीनशे किलोंच्या वर होती. विमान कुठे तैनात करायचं म्हटलं की ही कपाटं आधी हलवायची.

दुसरं म्हणजे खोटे इशारे. भाग ठणठणीत असायचा, पण यंत्रणा तो बिघडल्याचं सांगायची. मग तंत्रज्ञ तासन्‌तास तपासत बसायचे.

तिसरी आणि सगळ्यांत महागात पडलेली गोष्ट म्हणजे डिजिटल नोंदवही. एफ-३५ च्या बहुतेक महत्त्वाच्या भागांसोबत त्याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही यावी लागते. हा भाग कधी बनला, किती तास वापरला, किती आयुष्य उरलं याची कुंडलीच म्हणा. भाग हातात आहे, नवाकोरा आहे, पण कुंडली आली नाही किंवा चुकीची आली तर अलिस तो भाग स्वीकारत नाही. भाग नाही म्हणजे विमान जमिनीवर. सरकारी कार्यालयात माणूस समोर उभा असताना हयातीचा दाखला मागतात ना, तसा प्रकार.

यावर तोडगा म्हणून सैनिक हाताने नोंदी करत बसले. अमेरिकी हवाई दलाच्या एका तुकडीने अंदाज काढला की अलिस नीट चालत नसल्यामुळे वर्षाला ४५ हजारांहून जास्त मनुष्यतास जादा कामात जातात. आणि पेंटागॉनच्या महानिरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात म्हटलं की नोंदवहीसह वापरायला तयार अशा स्थितीत न आलेल्या सुट्या भागांमुळे २०१५ पासून सुमारे ३० कोटी ३० लाख डॉलरपर्यंत मजुरीखर्च झाला असावा. माणसांचे तास वाचवायला आणलेल्या यंत्रणेचा हा हिशेब.

मग 'ओडिन' आलं. प्रश्न सुटला?

जानेवारी २०२० मध्ये पेंटागॉनने जाहीर केलं की अलिस टप्प्याटप्प्याने बंद होईल आणि तिच्या जागी 'ओडिन' येईल. पूर्ण नाव 'ऑपरेशनल डेटा इंटिग्रेटेड नेटवर्क'.

ओडिनची सामग्री खरोखरच सुटसुटीत आहे. साडेतीनशे किलोंच्या कपाटाऐवजी विमानात हाती नेता येतील अशा आकाराच्या दोन पेट्या. ही प्रगती मोठी आहे. पण २०२२ च्या अखेरीपर्यंत सगळ्या तुकड्या नव्या यंत्रणेवर जातील हे मूळ वेळापत्रक पाळलं गेलं नाही. नवी पेटी आली तरी तिच्यात बरीच वर्षं जुनंच सॉफ्टवेअर चालवावं लागलं. घर बदललं, सामान तेच.

यामागचं एक कारण फार शिकण्यासारखं आहे. अलिसचा आराखडा आणि त्यातला बराचसा तांत्रिक तपशील कंपनीकडे होता. सरकारने विमानाचे पैसे दिले, पण ते आपलं आपण दुरुस्त करायला लागणारी सगळी तांत्रिक माहिती विकत घेतलेली नव्हती. म्हणजे अमेरिकेलासुद्धा स्वतःच्या विमानाच्या दुरुस्तीसाठी कंपनीच्या दारात जावं लागतं. जीएओच्या अहवालांत हा मुद्दा वारंवार येतो.

परिणाम? मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या ताफ्यातली एफ-३५ विमानं सरासरी फक्त ५५ टक्के वेळ मोहिमेसाठी सज्ज होती. उद्दिष्ट होतं ८५ ते ९० टक्के. दुरुस्तीसाठी रांगेत असलेल्या भागांची संख्या १० हजारांवर गेली होती. सगळा दोष सॉफ्टवेअरचा नाही. सुटे भाग कमी, दुरुस्ती केंद्रं उशिरा उभी राहिली. पण कोणता भाग कुठे आहे हेच नीट माहीत नसेल तर बाकीचं अवघडच. आणि ते खरंच माहीत नव्हतं. २०१८ पासून दहा लाखांहून जास्त सुटे भाग हरवल्याची नोंद जीएओने २०२३ मध्येच केली.

मिशन डेटा फाइल : विमानाची 'ओळखपरेड'

दुरुस्तीची यंत्रणा हा एक भाग झाला. दुसरा भाग त्याहून नाजूक आहे.

एफ-३५ ची खरी ताकद त्याच्या वेगात नाही, नजरेत आहे. आजूबाजूला कोण आहे, कोणाचं रडार चालू आहे, ते विमान आपलं की शत्रूचं हे ते क्षणात ओळखतं. पण ओळखायला आधी चेहरा माहीत असावा लागतो. पोलीस ठाण्यात सराईत गुन्हेगारांच्या फोटोंची फाइल असते, तशीच विमानात एक फाइल भरलेली असते. कोणत्या देशाचं कोणतं रडार कोणत्या लहरी सोडतं, कोणतं क्षेपणास्त्र कसं वागतं याचा संग्रह. यालाच मिशन डेटा फाइल म्हणतात.

ही फाइल जुनी झाली तर? विमान उडेल, वैमानिक लढेलही. पण शत्रूने नवं रडार आणलं असेल तर विमान ते नीट ओळखणार नाही. चष्म्याचा नंबर बदललाय आणि तुम्ही जुनाच चष्मा लावून रात्री गाडी चालवताय, असं समजा.

या फाइल बनवण्याचं काम मुख्यतः अमेरिकेत फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळावर चालतं. मित्रदेशांनाही तिथेच जागा दिली आहे. ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि ब्रिटन यांची एक संयुक्त प्रयोगशाळा, नॉर्वे आणि इटलीची दुसरी. म्हणजे फाइल आपली, माणसं आपली, पण काम अमेरिकेच्या तळावर आणि अमेरिकेची साधनं वापरून.

हे अवलंबित्व फक्त नव्या विमानांपुरतं नाही. युक्रेनला युरोपीय देशांनी जुनी एफ-१६ विमानं दिली. त्यांच्यावर शत्रूचं रडार गोंधळवणारं उपकरण असतं. ते रशियन रडारांसमोर चालावं म्हणून त्यातला डेटा नव्याने भरावा लागला आणि हे काम एग्लिनच्याच तज्ज्ञांनी केलं, असं अमेरिकी हवाई दलाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. सहा महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, ट्रम्प आणि झेलेन्स्की यांच्यातल्या वादानंतर अमेरिकेने युक्रेनला गुप्त माहिती देणं काही दिवस थांबवलं. रशियाशी लढणाऱ्या वैमानिकांसाठी हा किती मोठा धक्का असेल, ते वेगळं सांगायला नको.

तर मग किल स्विच आहे की नाही?

त्याच मार्च महिन्यात युरोपात एक चर्चा पेटली. अमेरिकेने एक बटण दाबलं की आपली एफ-३५ विमानं बंद पडतील का? सोशल मीडियावर तर 'लाल बटणा'ची चित्रं फिरली. पोर्तुगालच्या संरक्षणमंत्र्यांनी एफ-३५ घेण्याबाबत शंका व्यक्त केली. कॅनडाचे नवे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी ८८ विमानांच्या खरेदीचा फेरविचार करायला सांगितलं. पुढे ऑगस्टमध्ये स्पेननेही एफ-३५ चा पर्याय बाजूला ठेवला.

एफ-३५ कार्यक्रमाच्या कार्यालयाने त्यावर स्पष्ट निवेदन काढलं : असा कोणताही किल स्विच नाही. स्वित्झर्लंडच्या सरकारनेही आपल्या नागरिकांना तेच सांगितलं.

दूरवरून बटण दाबून विमान बंद पाडण्याची सोय असल्याचा कोणताही पुरावा समोर आलेला नाही. त्यामुळे तुमच्या व्हॉट्सॲपवर 'अमेरिका हवेतच विमान बंद करते' असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका.

पण वर जे वाचलंत ते एकत्र करून बघा. सुटे भाग जागतिक साठ्यातून येतात आणि त्या साठ्याची मालकी अमेरिकी सरकारकडे आहे. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या अमेरिकेतून येतात. शत्रूची ओळख सांगणारी फाइल अमेरिकेच्या तळावर तयार होते. यातलं काहीही बंद झालं तर विमान त्या दिवशी उडेल, दुसऱ्या दिवशीही उडेल. मग एकेक विमान सुट्या भागासाठी थांबेल. उरलेली जुन्या माहितीवर लढतील. काही आठवड्यांत ताफ्याची धार बोथट होईल. वाण्याने उधारी बंद केली की घर त्याच दिवशी उपाशी राहत नाही, पण डबे एकेक करून रिकामे होतात. बटणाची गरजच उरत नाही.

याला एक मोठा अपवाद आहे, इस्रायल. त्यांनी आपल्या एफ-३५ आय 'अदिर'मध्ये स्वतःची संपर्क आणि नियंत्रण यंत्रणा बसवून घेतली आणि मोठी दुरुस्तीही देशातच करण्याची मुभा मिळवली. इतर कुणालाही एवढी सूट मिळालेली नाही.

नवं विमान म्हटलं की सुरुवातीची दुखणी आलीच?

हे खरं आहे, आणि ते एफ-३५ पुरतं नाही.

फेब्रुवारी २००७. अमेरिकेची एफ-२२ विमानं हवाई बेटांवरून जपानच्या ओकिनावाकडे पहिल्यांदाच निघाली होती. प्रशांत महासागरात आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली आणि त्यांच्या संगणकांनी मान टाकली. दिशादर्शन गेलं, संपर्काचा बराच भाग गेला. सॉफ्टवेअरला तारीख बदलण्याचं गणित जमलं नव्हतं. हवामान चांगलं होतं आणि सोबत इंधन भरणारी विमानं होती, म्हणून त्यांच्या मागोमाग ही विमानं सुखरूप परतली. दोनेक दिवसांत सॉफ्टवेअर दुरुस्त झालं.

जानेवारी २००९. फ्रेंच नौदलाच्या संगणकांत 'कॉन्फिकर' व्हायरस शिरला. जगभरच्या साध्या विंडोज संगणकांना छळणारा तोच. उड्डाणाचे आराखडे डाउनलोड करता येईनात म्हणून काही राफेल विमानं जमिनीवर राहिली, अशा बातम्या फ्रेंच माध्यमांनी दिल्या. व्हायरसने विमानाला हातही लावला नव्हता. त्याने फक्त जमिनीवरचा संगणक गाठला होता.

२०१६ च्या सुरुवातीला एफ-३५ च्या वैमानिकांना रडार हवेतच बंद करून पुन्हा सुरू करावं लागत होतं. आपण वायफाय राउटरचं करतो तेच.

मग एफ-३५ चा मेंदू बदलायची वेळ आली. 'टेक्नॉलॉजी रिफ्रेश-३' असं त्याचं नाव. नवा प्रोसेसर, जास्त मेमरी, नवा डिस्प्ले. हार्डवेअर बसलं, पण सॉफ्टवेअर तयार नव्हतं. जुलै २०२३ ते जुलै २०२४ असं वर्षभर अमेरिकेने नव्या मेंदूची विमानं ताब्यातच घेतली नाहीत. कारखान्यातून निघालेली विमानं रांगेत उभी राहिली. नंतर ती घेतली, तीही अपुऱ्या सॉफ्टवेअरसह आणि प्रत्येक विमानामागे सुमारे ५० लाख डॉलर रोखून धरून. जीएओच्या माहितीनुसार २०२४ मध्ये कंपनीने दिलेली ११० च्या ११० विमानं उशिरा आली, सरासरी २३८ दिवस.

आणि जानेवारी २०२५ मधला अलास्काचा अपघात तर विचार करायला लावणारा आहे. चाकांच्या हायड्रॉलिक तेलात पाणी होतं, ते गोठलं आणि पुढचं चाक वाकडं अडकलं. वैमानिक हवेतूनच सुमारे ५० मिनिटं कंपनीच्या अभियंत्यांशी फोनवर बोलत होता. चाक सरळ करण्यासाठी त्याने धावपट्टीला दोनदा स्पर्श करून पाहिला. दुसऱ्या वेळी सेन्सरला वाटलं की विमान जमिनीवरच आहे. सॉफ्टवेअरने त्याप्रमाणे जमिनीवरचे नियम लागू केले. विमान होतं हवेत. ताबा सुटला, वैमानिक बाहेर उडी मारून वाचला, विमान कोसळलं. चुकीचा डेटा मिळाला की हुशार यंत्रही ठामपणे चुकतं.

म्हणून 'सुरुवातीची दुखणी' म्हणून सगळं सोडून देता येत नाही. एफ-२२ चा दोष दोन दिवसांत गेला. अलिसची दुखणी दशकभर टिकली. फरक कुठे होता? पहिली चूक कोडमधली होती, दुसरी रचनेतली. माहिती कुणाकडे राहणार, ती बदलण्याचा हक्क कुणाला, हे करारातच चुकलं होतं.

आता आपल्याकडे बघू

भारताला हा धडा एकदा मिळालेला आहे, आणि योगायोग असा की त्यात नाव याच कंपनीचं आहे.

१९९० च्या दशकात तेजसच्या उड्डाण नियंत्रण यंत्रणेवर भारतीय शास्त्रज्ञ अमेरिकेत लॉकहीड मार्टिनसोबत काम करत होते. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या. अमेरिकेने निर्बंध लादले. आपल्या लोकांना परत पाठवलं गेलं, सामग्रीही तिथेच अडकली. शेवटी बंगळुरूत आपल्याच पथकाने ते सॉफ्टवेअर पूर्ण केलं आणि ४ जानेवारी २००१ ला तेजस पहिल्यांदा उडालं. उशीर झाला, पण तेजसचा उड्डाण नियंत्रणाचा कोड आपला आहे.

याचा फायदा काय असतो, हे नाशिककरांना चांगलं ठाऊक असेल. सुखोई-३० एमकेआय रशियन विमान, पण त्यातला मिशन कॉम्प्युटर भारतीय. त्यात ब्राह्मोससारखं अवजड क्षेपणास्त्र बसवण्याचं काम ओझरच्या एचएएल कारखान्यात झालं. जून २०१६ मध्ये नाशिकमध्येच ब्राह्मोससह सुखोईचं पहिलं उड्डाण झालं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये बंगालच्या उपसागरावर पहिला मारा. विमानाच्या मेंदूपर्यंत आपला हात पोचत नसता, तर हे इतकं सहज जमलं नसतं. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एम विमानांचा करार झाला, त्यातही भारतीय शस्त्रं बसवण्यासाठीचं तंत्रज्ञान मिळेल अशी तरतूद केली गेली.

पण म्हणून 'सगळं स्वदेशी, सगळं छान' असंही नाही. तेजस मार्क-१ ए ची ८३ विमानं फेब्रुवारी २०२१ मध्ये मागवली. करार सुमारे ४८ हजार कोटींचा. पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत यायला हवं होतं. ती मुदत टळली. एक कारण इंजिन. ते अमेरिकेच्या जीई कंपनीचं, आणि नव्या मागणीतलं पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये आलं. दुसरं कारण घरचंच. नवं रडार, नवी शस्त्रं आणि त्यांना जोडणारं सॉफ्टवेअर यांचा मेळ बसवायला वेळ लागला. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडियात एचएएलच्या लोकांना आपला विश्वास उरला नसल्याचं तोंडावर सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या नव्या उत्पादन साखळीतून पहिलं मार्क-१ ए उडालं, ही चांगली बातमी. पण त्याच्या महिनाभर आधी मिग-२१ निवृत्त झाल्याने हवाई दलाच्या तुकड्या २९ वर आल्या होत्या. मंजूर संख्या आहे ४२.

म्हणजे भारतापुढची अडचण खरी आहे. विमानं लवकर हवीत. बाहेरून घेतली तर लवकर येतील, पण दोरी दुसऱ्याच्या हातात. स्वतः बनवली तर दोरी आपल्या हातात, पण विमान यायला वेळ. एएमसीए हे आपलं पाचव्या पिढीचं विमान हवाई दलात यायला अजून बरीच वर्षं लागणार आहेत.

मग खरेदीच्या बातमीत काय बघायचं?

पुढच्या वेळी एखाद्या विमानाच्या व्यवहाराची बातमी आली की आपण आधी किंमत बघतो, मग वेग, मग 'पाकिस्तानकडे काय आहे' ही तुलना. यापुढे आणखी चार प्रश्न विचारून बघा.

विमानाच्या देखभालीची नोंद कोणत्या देशातल्या सर्व्हरवर राहणार?

शत्रूच्या रडारांची फाइल कोण बनवणार, आणि युद्ध सुरू असताना ती रातोरात बदलायची वेळ आली तर परवानगी कुणाची लागणार?

आपलं क्षेपणास्त्र त्यावर आपण बसवू शकू का, की प्रत्येक वेळी कंपनीला पैसे मोजावे लागतील?

आणि त्या देशाशी संबंध बिघडले तर किती दिवस आपण आपल्या बळावर ताफा चालवू शकू?

एफ-३५ वाईट विमान आहे, असा याचा अर्थ नाही. १२०० हून अधिक एफ-३५ आज तयार झाली आहेत आणि इस्रायलने ती प्रत्यक्ष लढाईत वापरली आहेत. पण ज्यांनी ती घेतली त्यांनी विमानासोबत एक नातंही घेतलं आहे. ते पन्नास वर्षं टिकवावं लागतं आणि त्याच्या अटी एक जण ठरवतो. डेन्मार्क, कॅनडा यांच्यासारख्या अमेरिकेच्या जुन्या मित्रांना २०२५ मध्ये त्याची काळजी वाटू लागली. १९९८ चा अनुभव गाठीशी असलेल्या भारताने तर हे प्रश्न सही करण्याआधीच विचारायला हवेत. तिरुवनंतपुरमच्या विमानासाठी ब्रिटनहून पथक आलं, कारण आपल्याशी त्यांचं भांडण नव्हतं. भांडणाच्या दिवशी पथक कुठून येणार, हे आधी ठरलेलं बरं.